आगाऊ फी कोणाची?

(गाणं, वाद्य, नृत्य आणि चित्रकलेच्या खासगी शिकवण्या घेणाऱ्यांच्या बडोद्यातील मेळाव्यात एका गायनशिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला बोलावताना सांगितलं की बचतीवर बोला. मी म्हटलं, मी बँकेतली नाही, पोस्टातली नाही, विम्याची एजंट तर मुळीच नाही. घराच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं गाण्याचा क्लास घेते, एवढंच माझं काम. तर ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला बोलावलंय. तेव्हा कोणती योजना घ्या आणि कोणती घेऊ नका, हे सांगायला मी उभी नाही. माझ्या एका चुकीचा हिशेब सांगते, आणि त्या चुकीनंतर मी क्लास कसा चालवायला लागले ते सांगते. पटलं तर घ्या.

२०१३ सालची गोष्ट. तेव्हा माझ्याकडे सव्वीस विद्यार्थी होते आणि महिन्याची फी पाचशे रुपये. त्या वर्षी जूनमध्ये मला एक कल्पना सुचली. सुचली म्हणजे काय, शेजारच्या गणिताच्या क्लासवाल्यांची पाहिली. वर्षाची फी एकदम भरा, दोन महिने सूट. सहा हजारांऐवजी पाच हजार. आमचं बडोदं गुजरातेत आहे, सवलत म्हटली की आमचे पालक खूश. चौदा जणांनी आठवड्याभरात पैसे आणून दिले. सत्तर हजार रुपये! एवढी रक्कम गाण्यातून एकदम मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमच्याकडे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, फी त्यात पडायची आणि दुधाचे, इस्त्रीचे पैसेही त्यातूनच जायचे. त्या दिवशी डब्याचं झाकण लागेना.

मग काय केलं? नवी पेटी घेतली, सव्वीस हजारांची. पुढच्या खोलीला रंग काढला आणि दोन पंखे बसवले, त्याचे चौदा हजार. मुलाच्या अकरावीच्या क्लासचे तीस हजार भरले. जुलै संपायच्या आत सत्तरचे सत्तर हजार संपले. यात उधळपट्टी कुठेच नव्हती, हे लक्षात घ्या. पेटी जुनी झालीच होती, मुलाची फी भरायचीच होती. तुमच्यापैकी कोणीही तेच केलं असतं.

ऑगस्टच्या शेवटी माझा आवाज बसला. आधी वाटलं, पावसाळा आहे, होतं असं. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. वरचा षड्ज लागेना, मग पंचमही फाटायला लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळीतून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्राच्या पडद्यांवर गाठी आल्या आहेत. रोज पाच-पाच तास मुलांच्या पट्टीत गाऊन, वर ओरडून ताल धरायला लावून, दुसरं काय होणार? ऑपरेशन लागलं नाही, देवाची कृपा. पण गाणं पूर्ण बंद, बोलणंही अगदी मोजकं, आणि स्पीच थेरपिस्टकडे व्यायाम. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. चार महिने क्लासला कुलूप.

जे बारा जण महिन्याच्या महिन्याला फी देत होते त्यांची फी थांबली. महिना सहा हजार बंद. त्यातले जानेवारीत पाचच परत आले. ते दुःख समजण्यासारखं होतं. पण खरी परीक्षा त्या चौदा जणांची होती. सप्टेंबरच्या मध्यावर एका मुलीचे वडील आले. अतिशय सभ्य माणूस. माझी चौकशी केली, फळं आणली होती. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "बेन, उतावळ नथी, पण बाकीच्या महिन्यांचं काय करायचं?"

मला बोलायला मनाई होती, ते एका परीनं बरंच झालं. कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या क्षणी रागच आला. मी आजारी आहे आणि यांना पैशाचं पडलंय! रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की माणूस शंभर टक्के बरोबर होता. त्यानं बारा महिन्यांचे पैसे दिले होते, मी तीन महिने शिकवलं होतं. उरलेले पैसे त्याचे होते. माझ्याकडे नुसते ठेवायला दिलेले होते, आणि मी त्यांची पेटी घेऊन बसले होते.

एकूण सहा जणांनी पैसे परत मागितले. महिना पाचशेप्रमाणे तीन महिन्यांचे दीड हजार वजा करून प्रत्येकी साडेतीन हजार, म्हणजे एकवीस हजार. घरात तेवढे नव्हते. माझ्या दोन बांगड्या एका बँकेत सोनेतारण ठेवल्या आणि पैसे दिले. सगळ्यांना पाकिटात घालून, हातात. उरलेले आठ जण म्हणाले, बेन, तुम्ही बऱ्या व्हा, आम्ही थांबतो. डोळ्यात पाणी आलं माझ्या. पण मंडळी, हिशेब बघा. त्या आठ जणांचे चार महिने माझ्याकडे लागत होते. त्यांचं वर्ष मे महिन्यात संपायचं ते मी पुढे सप्टेंबरपर्यंत नेलं. म्हणजे पुढच्या जूनला, जेव्हा सगळ्यांकडून फी येते, तेव्हा हे आठ जण समोर बसलेले आणि त्यांच्याकडून एक रुपया येणार नाही. सोळा हजारांची शिकवणी मी फेडत होते. चार महिन्यांच्या आजारानं पाडलेलं भोक भरायला वर्ष उलटलं. बांगड्या तर त्याच्याही नंतर सुटल्या.

तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी धरून आहे. आगाऊ आलेली फी हे उत्पन्न नाही. ते उसने पैसे आहेत आणि ते आपण शिकवून फेडायचे असतात. ज्या महिन्याचं शिकवून झालं, त्या महिन्याची फी आपली. तोपर्यंत ती पालकांची.

आता कोणी म्हणेल, अहो, विद्येचा एवढा काय हिशेब करायचा? हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. माझ्या गुरूंनी माझ्याकडून कधी पैसे मागितले नाहीत, दिवाळीला आई धोतरजोडी आणि पाकीट ठेवायची. पण त्यांना शाळेत नोकरी होती. पगार होता, पेन्शन होतं. आपल्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, उस्ताद मौलाबक्ष तिचे प्रमुख. त्यामागे अख्खं संस्थान उभं होतं. तुमच्या-माझ्यामागे कोण आहे? पुढची खोली आणि पेटी.

आणि राजाश्रयाशिवाय संगीतशाळा चालवणं किती अवघड, हे ज्यांनी सगळ्यात आधी सोसलं त्यांचं नाव तुम्ही रोज घेता. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते लोकांच्या मदतीवर आणि स्वतःच्या मैफलींवर. १९०८ मध्ये मुंबईत आले. तिथे कर्ज काढून विद्यालयाची इमारत बांधली, विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय केली, आणि ते कर्ज फेडायला गावोगाव गात हिंडले. १९२४ मध्ये ते दौऱ्यावर असतानाच सावकारांनी जप्ती आणली. विद्यालयाचाही लिलाव झाला. केवढा मोठा माणूस! त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या मंडळाच्या परीक्षांना आपण आजही मुलं बसवतो, म्हणजे काम टिकलं. पण इमारत गेली. पुढे होणाऱ्या मैफलींच्या भरवशावर आज वीट चढवली, तिथे खुद्द पलुस्करांचा हिशेब चुकला. माझ्या पेटीची काय कथा.

तर मी काय बदललं ते सांगते.

वर्षाची फी एकदम घेणं बंद. जास्तीत जास्त तीन महिन्यांची घेते, तीही कोणी आग्रह केला तर, आणि सूट देत नाही. बँकेत दुसरं बचत खातं उघडलं, फक्त फीसाठी. यूपीआय त्याच खात्याला जोडलेलं आहे. दाराशी चिकटवलेला क्यूआर कोड त्याच खात्याचा. रोख आली तर आठवड्याला तिथेच भरते. दूधवाला, किराणा, गॅस, यांचा या खात्याशी संबंध नाही. आणि एक वही आहे. वहीत सगळे लिहितात तेच लिहिते, नाव, तारीख, रक्कम, रोख की ऑनलाइन. फक्त शेवटचा एक रकाना जास्त आहे: "कोणत्या महिन्याची". माझ्या मते अख्ख्या वहीत तो एकच रकाना महत्त्वाचा. महिन्याअखेरीला त्या रकान्यात त्या महिन्याचं नाव असलेली रक्कम मोजायची, तेवढी माझी कमाई. खात्यात किती दिसतात त्याला अर्थ नाही. मुलांच्या परीक्षा-फॉर्मचे पैसेही कधी कधी तिथेच असतात, आणि ते तर एका रुपयानेही आपले नव्हेत. ते मी वेगळ्या पानावर लिहिते आणि फॉर्म भरले की पान लाल शाईनं आडवं मारते.

आता यापुढचा भाग जरा आकड्यांचा आहे, पण ऐका, कारण आपल्या सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. आपलं उत्पन्न बारा महिने सारखं नसतं. माझी आजची फी महिना हजार रुपये, विद्यार्थी भरात असताना चोवीस. एका वर्षाचा माझ्या वहीतला हिशेब सांगते, आकडे गोल केले आहेत. जूनला वीस हजार, जुलै आणि ऑगस्टला चोवीस-चोवीस, सप्टेंबरला बावीस. मग आलं नवरात्र. बडोद्यात नवरात्रात गाण्याचा क्लास घेऊन दाखवा! मुलं रात्री उशिरापर्यंत गरब्यात, संध्याकाळी चणिया-चोळीची तयारी, दिवसा झोप. ते संपतं न संपतं तोच दिवाळीची तीन आठवडे सुट्टी. ऑक्टोबरला तेरा हजार. नोव्हेंबरला सतरा, डिसेंबरला तेवीस, जानेवारीला बावीस. (उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही, पण तेवढं चालतं.) फेब्रुवारीला पंधरा, मार्चला परीक्षा म्हणून नऊ, एप्रिलला सोळा, मे महिन्यात सात. बेरीज दोन लाख बारा हजार. पेटीची दुरुस्ती, तंबोऱ्याच्या तारा, परीक्षेच्या तयारीला तबलजींचं मानधन, वीज, झेरॉक्स, असा क्लासचा खर्च बत्तीस हजार. उरले एक लाख ऐंशी हजार. भागिले बारा, पंधरा हजार.

म्हणजे माझी खरी मिळकत महिना पंधरा हजार आहे. जुलैतले चोवीस हीही माझी मिळकत नाही आणि मेमधले सात हीही नाही. पण जुलैत चोवीस आले की आपण चोवीसवाल्यासारखे वागतो आणि मेमध्ये सात आले की नशिबाला दोष देतो. कितीतरी वर्षं मी मे महिन्यात उसने घेत होते आणि जुलैत फेडत होते. दर वर्षी! आणि दर वर्षी वाटायचं, यंदाच कसं काय असं झालं.

आता मी स्वतःला पगार देते. एक तारखेला फीच्या खात्यातून घरच्या खात्यात साडेबारा हजार आपोआप जातात, बँकेला तशी कायमची सूचना देऊन ठेवली आहे. जुलै असो की मे, साडेबारा. वर्षाचे दीड लाख झाले. उरलेले तीस हजार ही माझी बचत. पहिल्या वर्षी हे जमणार नाही, हे आधीच सांगते, कारण सुरुवात मार्चमध्ये केली तर खात्यात काही नसतंच. जूनला सुरू करा, आणि पहिल्या वर्षी पगार आणखी थोडा कमी धरा.

हे तीस हजार कुठे ठेवायचे? माझी सगळ्यात पहिली ठेव होती पोस्टातली आवर्ती ठेव, म्हणजे आरडी. चांगली योजना आहे, महिना शंभर रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची. पण तिचा स्वभाव पगारदाराचा. दर महिन्याला हप्ता मागते. हप्ता चुकला की शंभराला एक रुपया दंड, आणि चार हप्ते चुकले की खातं बंद पडायच्या मार्गाला लागतं. माझे मार्च-मेचे हप्ते हमखास चुकायचे. मला नंतर कळलं की हप्ते आगाऊ भरता येतात, आणि सहा किंवा जास्त महिन्यांचे एकदम भरले तर थोडी सूटही मिळते. ऑगस्टमध्ये हातात असतं तेव्हा पुढचे भरून टाकायचे. हे मला काउंटरवर कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

पीपीएफ मात्र आपल्यासारख्यांच्या स्वभावाला जुळतं. वर्षात किमान पाचशे, जास्तीत जास्त दीड लाख, आणि मधे कधीही, कितीही वेळा भरा. जुलैत पाच हजार, मेमध्ये शून्य, कोणी विचारत नाही. पंधरा वर्षांचं आहे, सातव्या आर्थिक वर्षापासून नियमाप्रमाणे काही रक्कम काढता येते. व्याजदर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं, तो भरण्याआधी बघून घ्यावा. एक बारीक गोष्ट: महिन्याचं व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात. म्हणून भरायचं तर पाच तारखेच्या आत. मी विद्यार्थ्यांनाही फी पाच तारखेपर्यंत द्यायला सांगते, पण पीपीएफमध्ये जाते ती मागच्या महिन्याची, शिकवून झालेली.

पण पीपीएफच्याही आधी एक गोष्ट. साडेबारा हजारांचे तीन पगार, म्हणजे साडेसदतीस हजार, हात लावायचा नाही असे बाजूला. माझे एका बँकेत मुदत ठेवीत आहेत, हवे तेव्हा मोडता येतील असे. व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. याचं कारण माझा घसा. त्या आजारात मला वाटलं होतं, आपला मेडिक्लेम आहे. पॉलिसी काढून वाचली. रुग्णालयात दाखल झालात तर खर्च देणार. मी दाखल झालेच नव्हते. मी घरात गप्प बसले होते, आणि गप्प बसण्याचे पैसे कोणी देत नाही. गायकाचा घसा, तबलजीचं बोट, कथकवाल्या ताईंचा घोटा. आपले आजार असे असतात की माणूस चालताबोलता, म्हणजे माझ्या बाबतीत नुसता चालता, पण कमाई बंद. प्रधानमंत्री सुरक्षा विमा आपण सगळ्यांनी घ्यावा, वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे, अठरा ते सत्तर वयाला. पण तो मृत्यू आणि मोठ्या अपंगत्वासाठी आहे. एक हात गमावला तर एक लाख मिळतील, तर्जनी मोडून दोन महिने प्लास्टरमध्ये राहिली तर काही नाही. तिथे ते साडेसदतीस हजारच कामाला येतात. आणि हो, त्या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि हप्ता त्याच सुमारास खात्यातून कापला जातो. म्हणजे आपली खाती सगळ्यात रिकामी असतात तेव्हा. वीस रुपयांसाठी विमा चुकलेल्या दोन शिक्षिका मला ठाऊक आहेत. मेमध्ये खातं शून्यावर आणू नका.

आता विद्यार्थ्यांबद्दल. तुम्ही म्हणाल, बचतीच्या भाषणात विद्यार्थी कुठून आले? अहो, आपलं उत्पन्न म्हणजे विद्यार्थीच. ते कसे येतात, कसे जातात, हे नीट सांभाळलं नाही तर वहीत लिहायला काय राहणार?

फी तासावर घेऊ नका. तासाचा हिशेब धरला की पालक गैरहजेरीचे पैसे कापतात, आणि तुम्ही मात्र त्या वेळेला पेटी उघडून बसलेलेच असता. मी महिन्याची जागा देते. आठवड्याला दोन वेळा तुमची जागा राखलेली आहे, याल ना याल, जागेची फी. मूल आलं नाही तर महिन्यात एकदा दुसऱ्या तुकडीत बसवते, त्याहून जास्त नाही. मी आले नाही तर मात्र तो क्लास मी भरून देणारच, कितीही वेळ लागो. हे सगळं प्रवेशाच्या दिवशी एका कागदावर लिहून देते, मराठीत आणि गुजरातीत. तेव्हापासून फी मागताना तोंड उघडावं लागत नाही, म्हणजे माझ्या घशालाही आराम. सहा तारखेला सगळ्यांना एकच निरोप जातो, ज्यांची आली नसेल त्यांनी पाहावं. एकेकाचं नाव घेऊन गटात कधी टाकत नाही. मुलासमोर तर फीचा विषय कधीच नाही. मूल स्वर लावताना आईकडे बघायला लागतं.

मार्चमध्ये मुलं जातात त्याबद्दल. आधी मी रागवायचे. दहावी आहे म्हणून गाणं बंद करणाऱ्यांना चार गोष्टी सुनवायचे. त्यानं एकही मूल राहिलं नाही. आता फेब्रुवारी-मार्चला सांगते, आठवड्याला एकदाच या, अर्धा तास, निम्मी फी, जागा तुमची राहील. सगळे नाही, पण काही जण राहतात, आणि मुख्य म्हणजे एप्रिलमध्ये परत येतात. पूर्वी गेलेलं मूल जूनमध्ये क्रिकेटच्या क्लासला दिसायचं. आणखी एक केलं: सकाळी मोठ्यांची तुकडी. गृहिणी, दोन निवृत्त बँकवाले, एक डॉक्टर. यांना मार्च नाही, यांना परीक्षा नाही. माझ्या मार्चच्या नऊ हजारांतले सहा यांचे आहेत. मात्र यांच्या मुली अमेरिकेत, बाळंतपणं निघाली की आजी सहा महिने गायब! त्याला इलाज नाही.

मोफत शिकवावं का? जरूर. माझ्याकडे दोन जागा फीच्या नाहीत. एका मुलाचे वडील रिक्षा चालवतात. पण ते मी जूनमध्ये ठरवते, वर्षाचं, आणि त्याच्या घरी जाऊन एकदाच सांगते. दर महिन्याला "राहू दे हो, पुढच्या वेळी द्या" म्हणत चालणारी जी मोफत शिकवणी असते ना, ती दोघांनाही छळते. आपण मनात मोजत राहतो आणि ते मूल दाराआडून आत येतं. वहीत त्या दोघांचीही नावं आहेत, रकमेच्या जागी "शिष्य" असं लिहिलंय.

वाद्याच्या दुकानदाराकडून कमिशन घेता का, असं मला मघाशी एका ताईंनी विचारलं. मी घेत नाही. तुम्हाला घ्यायचं असेल तर पालकांना सांगून घ्या. पेटी घेऊन घरी गेल्यावर तीच पेटी दुसरीकडे दोन हजारांनी स्वस्त दिसली की तुमच्या शिकवण्यावरचाही विश्वास जातो.

थोडं फसवणुकीबद्दल, कारण हे खास आपल्या धंद्यात शिरलंय. माझ्या ओळखीच्या एका तबला शिक्षकांना फोन आला. मी सैन्यात आहे, बदली बडोद्याला होते आहे, मुलाला तबला शिकवायचाय, तीन महिन्यांची फी आगाऊ देतो. किती अदबीनं बोलत होता म्हणे. मग म्हणाला, आमच्या पद्धतीत पैसे पाठवायला तुम्हाला हा कोड स्कॅन करून पिन टाकावा लागतो. यांनी टाकला. खात्यातून अठरा हजार गेले. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार, येणार नाहीत. असं झालंच तर लाजत बसू नका, त्याच क्षणी १९३० या नंबरवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवले जाण्याची शक्यता असते. हे गृहस्थ लाजेनं दोन दिवस बोलले नाहीत.

तुमच्यातल्या तरुण मुलामुलींना एकच सांगते. आपल्याला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि आवाजालाही वय असतं. चाळिशीच्या आत असाल आणि आयकर भरत नसाल तर अटल पेन्शन योजनेची चौकशी करा. साठीनंतर महिना एक ते पाच हजारांचं पेन्शन, हप्ता वयावर ठरतो, जितकं लवकर तितका कमी. चाळिशी ओलांडलेल्यांना किंवा कर भरणाऱ्यांना एनपीएस आहे. मी स्वतः या दोन्हींच्या बाबतीत उशीर केला, त्यामुळे जास्त बोलत नाही. कराचं आपल्या सल्लागाराला विचारा, पण फी रोख आली म्हणून ती उत्पन्न नाही, असं समजू नका. वही नीट असली की विवरणपत्र भरायला घाबरायचं कारण उरत नाही, आणि उद्या कर्ज हवं झालं तर तेच विवरणपत्र तुमच्या पगाराच्या पावतीचं काम करतं.

माझी वही आणली आहे. मागच्या टेबलावर ठेवते, गेल्या तीन वर्षांची आहे. विद्यार्थ्यांच्या नावांवर कागद चिकटवलाय, आकडे उघडे आहेत. मार्च आणि मेची पानं जरूर बघा. प्रश्न असतील तर आत्ताच विचारा, साडेपाचला माझी प्रवेशिकेची तुकडी आहे आणि आज मी आले नाही तर तो क्लास मला भरून द्यावा लागेल.